इंजिन गार होईपर्यंत

इब्राहीमभाई,

परवा तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले, तुमचा चाळिसावा झाला. जैनबभाभींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. जेवणं उरकल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. त्यांच्याबद्दल कायतरी लिवून ठेवा. मला वाचता येत न्हाई, पण लिवलेलं हाय एवढं ठाऊक असलं तरी बास." म्हणून लिहायला बसले. दोन ओळी झाल्या आणि कळलं, की तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणाला काही सांगणं मला जमत नाही. तुमच्याशीच बोलता येतं. पाच वर्षं गाडीच्या पुढच्या बाकावर मी तेच केलं. बोलायचं मी, आणि रस्त्यावरची नजर न काढता "हां बाई" म्हणायचं तुम्ही.

तुम्ही किती शिकलात, लढाईत कुठल्या रस्त्यांवर लॉऱ्या हाकल्यात, हे मला नीटसं माहीत नव्हतं. दवाखाना चालवणाऱ्या आपल्या संस्थेच्या शोकसभेत अध्यक्षांनी ते कागदावरून वाचून दाखवलं, तेव्हा निम्मं मी पहिल्यांदाच ऐकलं. "निष्ठावान सेवक" हे शब्द त्यांनी तीनदा वापरले. मला ते आवडले नाहीत. तुम्ही संस्थेचे नोकर होतात, पण तुमची निष्ठा संस्थेवर नव्हती. ती गाडीत बसणाऱ्या माणसावर होती. आणि ती इतकी हट्टी होती, की कधी कधी गाडीत बसणाऱ्यालाच तिचा राग यायचा. मला तर आलाच.

मी साताऱ्याकडची. नर्सचं शिक्षण संपवून घोडेगावच्या दवाखान्यात रुजू झाले, त्या दिवशी तुम्ही अंगणात गाडी पुसत होतात. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली ती पिकअप. पुढं दोघांना बसायला बाक, मागं उघडा हौदा, त्यावर ताडपत्री. हिरव्या रंगावर संस्थेने पांढरा दिलेला. पण दर पावसाळ्यात पोपडे निघायचे आणि आतलं लष्कर डोकावायचं. इंजिनाच्या बाजूला पेट्रोलची एक काचेची वाटी असते, तिच्यात फिल्टर असतो, टाकीतून येणारं पेट्रोल तिथं गाळलं जाऊन मग पुढं जातं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी पेशंटची जीभ बघते तसं तुम्ही रोज सकाळी त्या वाटीत बघायचात. मग पाणी, मग ऑईल, मग चारही चाकांना एकेक टपली. तोवर मी पिशवी घेऊन उभी. मला वाटायचं, हा माणूस गाडी चालवतो कमी आणि पूजतो जास्त.

माझा स्वभाव घाईचा. बाळंतपणं करणाऱ्या बाईला घाई असायचीच, असं मी तुम्हाला ऐकवायची. तुम्ही म्हणायचात, "करा की घाई. मी कुठं नगं म्हणतो." आणि तुमचं काम त्याच चालीने चालू राहायचं.

हौसाचा दिवस तुम्ही विसरला नसणार. वैशाखातली सकाळ होती. तळेघरच्या पुढच्या वाडीवरून देवराम चालत आला होता. पहाटेआधी निघालेला, पायात काही नाही. बायकोची पहिली खेप, दोन दिवस कळा चालू, मूल अडलेलं. मी पिशवी भरली आणि गाडीजवळ आले, तर तुम्ही पिंपातून डब्यात काढलेलं पेट्रोल टाकीत ओतायच्या तयारीत होतात आणि नरसाळ्यात बसवायचं ते मऊ कातडं शोधत होतात. पेट्रोल त्यातून गाळून घ्यायचा तुमचा नेम. मी म्हटलं, "आज राहू द्या ना ते, चला." तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, देवरामच्या पायांकडे पाहिलंत, आणि तसंच ओतलंत.

जाताना काही झालं नाही. वाडीपासून रस्त्यापर्यंत हौसाला झोळीतून आणलं होतं. मी तपासलं. मूल जिवंत होतं, पण इथं काही होण्यासारखं नव्हतं. घोडेगावला डॉक्टर होते, त्यांच्याकडे मूल ओढून काढायचा चिमटा होता. तिला हौद्यात घोंगडीवर घेतलं, मी शेजारी बसले. तिची सासू, देवराम आणि त्याचा भाऊ असे सगळे मागं.

डिंभ्याच्या अलीकडच्या चढावर गाडीनं आचके दिले. एकदा, दोनदा, मग बंद. तुम्ही उतरून बॉनेट उघडलंत. मी हौद्यातून वाकून पाहिलं. काचेची वाटी विटकरी दिसत होती. भर दुपार, वारा नाही, तापलेल्या धुराच्या नळीवरून झळा वर येताना दिसत होत्या.

"बाई, फिल्टर बंद झालाय. बदलावा लागंल," तुम्ही म्हणालात. "समद्यांला खाली उतरवा. त्या जांभळीखाली न्या."

मी म्हटलं, बाकीचे उतरतील, हौसाला कशाला हलवायचं?

"तिला आधी."

आपलं भांडण तिथं सुरू झालं. मी म्हणाले, तिला इतक्या कळा येत आहेत, तिला उचलणं-ठेवणं म्हणजे हाल आहेत, तुम्ही तुमचं काम करा, पाच मिनिटांचं तर काम. तुम्ही म्हणालात, पाच मिनिटांचंच हाय, पण इंजिन गार झाल्यावरचं. किती वेळ, मी विचारलं. अर्धा तास. मला खरंच वाटेना. गाडीत बाई अडली आहे आणि हा माणूस इंजिन थंड व्हायची वाट बघणार! पाणी ओता म्हटलं, तर तप्त लोखंड तडकतं म्हणालात. तोवर देवरामच्या भावानं जिवाच्या तगमगीत विडी तोंडात धरली होती. तुम्ही ती पेटायच्या आत त्याच्या हातातून घेतलीत, त्याच्याच खिशात ठेवलीत, आणि त्याला बादली देऊन ओढ्यातली कोरडी वाळू आणायला पाठवलंत. घोंगडीची चार टोकं धरून आपण हौसाला जांभळीखाली नेलं. पन्नास पावलं. प्रत्येक पावलाला ती कण्हत होती आणि मी तुमच्याकडे बघत होते.

मग तुम्ही बॅटरीची तार सोडलीत, टाकीचा नळ बंद केलात, आणि दगडावर बसून राहिलात. नुसते बसून. माझं घड्याळ छातीवर पिनेनं लावलेलं असायचं. मी कळा मोजत होते आणि मिनिटं मोजत होते. पंधरा झाल्यावर मला राहवलं नाही. मी तुमच्यापर्यंत गेले आणि जे बोलले ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "तुमच्या घरची बाई असती, तरी असेच बसून राहिला असतात का?"

तुम्ही रागावला नाहीत. वर बघून म्हणालात, "व्हय. असती तरी थांबलो असतो."

अठ्ठाविसाव्या मिनिटाला तुम्ही हाताची पालथी बाजू इंजिनाजवळ धरलीत, मग धुराच्या नळीजवळ, आणि उठलात. वाटीखाली पत्र्याचं ताट धरायला देवराम. वाळूची बादली उजव्या हाताला. मी दहा पावलांवर उभी, अजून धुमसत. तुम्ही वाटीचा आटा सैल केलात. आतलं बुचाचं वायसर चिकटून बसलेलं होतं, ते एकदम सुटलं आणि वाटी हिसका खाऊन कलंडली. ओंजळभर पेट्रोल ताटाबाहेर उडालं आणि थेट त्या धुराच्या नळीवर पडलं.

काही झालं नाही. नुसता वास आला. नळीवर ओला डाग पडला आणि वाळून गेला.

देवराम ताट धरून उभाच होता. त्याला काहीच कळलं नाही. मला कळलं. अठ्ठावीस मिनिटांपूर्वी ती नळी कशी होती, ते मी हौद्यातून पाहिलेलं होतं. तुम्ही माझ्याकडे मान वळवली नाहीत. त्या क्षणी तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतंत, तर मला ते सहन झालं नसतं. ते तुम्हाला कसं कळलं?

पुढचं खरोखरच पाच-सात मिनिटांचं होतं. गंज आणि पाणी ओतून टाकलंत, वाटी पुसलीत, नवा फिल्टर, नवं वायसर. आटा बोटांनी आवळून पान्यानं शेवटचा अर्धा फेरा, जास्त नाही, कारण काच असते. नळ उघडून पंपाची छोटी दांडी हातानं वरखाली केलीत, तशी वाटी हळूहळू भरत गेली, स्वच्छ. कडेनं बोट फिरवून बघितलंत. कोरडं. ओली चिंधी लांब नेऊन टाकलीत, सांडलेलं सगळं उडून जाऊ दिलंत, मग बॅटरीची तार. गाडी चालू केल्यावर पुन्हा उतरून वाटी पाहिलीत. तेव्हा कुठं हात वर केलात, की आणा तिला.

घोडेगावला पोचलो तेव्हा उन्हं उतरली नव्हती. डॉक्टरांनी चिमटा लावला. मुलगी झाली, निळसर, आवाज नाही. मी तिला उलटी धरली, पाठ चोळली, तोंड साफ केलं. बऱ्याच वेळानं ती रडली आणि रडायची थांबेचना. हौसा वाचली. हात धुताना डॉक्टर मला म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर काही सांगता आलं नसतं.

ते वाक्य मी तुमच्यापर्यंत पोचवलं. हत्यारासारखं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि गाडी धुवायला गेलात.

चार दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी मी स्टोव्हवर सुया उकळत ठेवल्या होत्या. तुम्ही दाराशी येऊन उभे राहिलात, आत यायचं की नाही असे.

"किती येळ उकळता, बाई?"

"वीस मिनिटं."

"दहा मिन्टं केलं तर?"

मी म्हणाले, एखाद्या वेळी काही होणार नाही.

"आन् एखाद्या वेळी?"

तुम्ही उत्तरासाठी थांबला नाहीत. मान हलवलीत आणि गेलात. भांडण तिथं मिटलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांचा अर्धा तासही खरा होता आणि तुमचा अर्धा तासही खरा होता. पण त्या दिवशी सुया उकळून झाल्यावर मी स्वतः अंगणात आले आणि मला ते काम शिकवा म्हणाले. तुम्ही हसला नाहीत. बायामाणसांचं काम नव्हे असंही म्हणाला नाहीत. एवढंच विचारलंत, की घाई सोडता येईल का?

तुमच्याकडे शिकणं म्हणजे आधी चार दिवस नुसतं बघणं. मग चार दिवस हत्यारं हातात देणं. वारा कुठून येतो ते बघायचं, कारण पेट्रोलची वाफ दिसत नाही आणि जमिनीलगत सरपटत जाते. आडोशाला, पडवीत, छपराखाली वाटी उघडायची नाही. बाजूला चूल नको, कंदील नको. आधी विडीवाली माणसं मोजायची. पहिल्या खेपेला मी आटा इतका आवळला, की काच टचकन तडकली. मला रडू आलं. तुम्ही दुसरी वाटी काढून दिलीत आणि म्हणालात, माझ्या हातून लढाईत तीन फुटल्या. तेव्हाच तुम्ही बाही वर करून डाव्या दंडाचा भाजल्याचा वण दाखवलात. तुमच्या तुकडीतल्या एकानं गरम इंजिनावर पेट्रोलची नळी सोडली होती. साहेब घाई करत होता म्हणून. त्याला ओढून काढताना तुमचा दंड भाजला. तो वाचला का, मी विचारलं. तुम्ही बाही खाली केलीत.

पेट्रोल गाळायला तुम्ही मला सगळ्यात शेवटी शिकवलंत. नरसाळ्यात कातडं बसवून मी पिंपातलं पेट्रोल ओतलं, आणि कातड्यावर पाण्याचे मणी आणि विटकरी भुकटी उरली. मी तशीच उभी राहिले. तो रंग मी पाहिलेला होता. डिंभ्याच्या चढावर, काचेच्या वाटीत. गाडी का बंद पडली होती, ते मला वर्षभरानं कळलं. आणि तुम्हाला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. मी तुम्हाला घरच्या बाईवरून बोलले तेव्हाही माहीत होतं. डॉक्टरांचं वाक्य ऐकवलं तेव्हाही. एका शब्दात मला गप्प करता आलं असतं.

मी म्हणाले, "इब्राहीमभाई, त्या दिवशी माझ्यामुळं..."

"गाळायचं काम माझं व्हतं," तुम्ही म्हणालात. "घाई तुमची आसंल, पण हात माझा व्हता."

आणि विषय संपवलात. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे मी शोकसभेत सांगायला हवं होतं.

गाडी चालवायला शिकवा म्हणून मात्र मी तुमच्यामागं दोन वर्षं लागले. चाक बदलता आलं, फिल्टर बदलता आला, तरी तुमचं आपलं "पावसाळा सरू द्या". शेवटी कापणीनंतरच्या मोकळ्या रानात शिकवलंत. बांधापासून बांधापर्यंत. गावात चर्चा झाली. नर्सबाई शेतात गाडी फिरवते आणि शेजारी मुसलमान ड्रायव्हर. मला वाईट वाटलं, तर तुम्ही म्हणालात, "फिल्टर शिकला तवा बी बोलले व्हते. आता वाडीवर बाई अडली का ह्येच लोक इचारतात, नर्सबाई आल्या का." रस्त्यावर मात्र तुम्ही मला चाक दिलं नाहीत. परवाना मिळाल्याशिवाय नाही. ही आपली शेवटपर्यंत चाललेली तक्रार.

या कार्तिकात आपण ओतूरकडच्या गावांमध्ये देवी टोचायला गेलो होतो. जुन्नरवरून घोडेगावला परत येत होतो, दोघंच. लेण्याद्रीचा डोंगर दिसायला लागला होता आणि मी त्या दिवशी कुठल्या गावातली मुलं किती रडली ते सांगत होते. "हां बाई" आलं नाही. पाहिलं तर तुमचा चेहरा मेणासारखा झाला होता आणि सदरा घामानं पाठीला चिकटला होता. गाडी तेवढ्यात आचके द्यायला लागली. तुम्ही ती तशीच रस्त्याच्या कडेला घेतलीत, ब्रेक ओढलात, आणि छातीवर हात ठेवलात.

मी तुम्हाला बाभळीच्या सावलीत टेकवून बसवलं. नाडी पाहिली. डावा हात दुखतोय म्हणालात. काय झालंय ते मला कळलं होतं, आणि मला कळल्याचं तुम्हालाही कळलं होतं. एक सायकलवाला आला, त्याला जुन्नरला डॉक्टरांकडे पिटाळलं. पण टांगा येईपर्यंत दोन तास सहज गेले असते. मी बॉनेट उघडलं. वाटीच्या तळाला पाणी साचलं होतं आणि फिल्टर गच्च भरला होता. पावसाळ्यात पिंपात पाणी शिरलं होतं, ते गाळूनही थोडं उरलं असणार. नवा फिल्टर आसनाखालच्या डब्यात होता. पाना तिथंच होता. इंजिन तापलेलं होतं.

इब्राहीमभाई, मी तुम्हाला खरं सांगते. माझा हात त्या आट्यापर्यंत गेला होता. वारा चांगला होता, आसपास माणूस नव्हतं, आणि झाडाखाली तुम्ही होतात. मी मागं वळून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत होतात. नको म्हणाला नाहीत. कर म्हणाला नाहीत. तुमच्या जिवाचा प्रश्न होता आणि तुम्ही तो माझ्या हातात सोडला होतात.

मी बॅटरीची तार सोडली. टाकीचा नळ बंद केला. रस्त्याकडेची माती बादलीत भरून ठेवली, आणि तुमच्याशेजारी येऊन बसले. तुमची नाडी माझ्या बोटांखाली आणि घड्याळ छातीवर. तुम्ही डोळे मिटलेत. पाच वर्षांत तुमचा चेहरा मला इतका निवांत दिसला नव्हता. पंचवीस मिनिटं आपण तसे बसलो. माझं आयुष्य पुढं कितीही असो, एवढी लांब पंचवीस मिनिटं त्यात पुन्हा येणार नाहीत. आणि मला त्यांचा अभिमान आहे. तुम्ही असा अर्धा तास बसून काढलात तेव्हा तुमच्या मनात काय चाललं असेल, ते मला तिथं कळलं. मी समजत होते तुम्हाला काही वाटतच नाही.

मग हाताची पालथी बाजू धरून पाहिली आणि काम केलं. एक थेंब सांडला नाही. वाटी स्वच्छ भरली. मी बोट फिरवलं, कोरडं. तुम्हाला उठवून बाकावर बसवलं, डोकं घोंगडीला टेकवलं, आणि परवाना नसताना, तुमच्या डोळ्यांदेखत, मी गाडी रस्त्यावर घेतली. जुन्नरच्या वेशीवर माणसं थांबून बघत होती. तुम्ही वाटेत एकदाच बोललात. "गिअर बदला," म्हणालात. बदलायला हवाच होता.

तुम्ही अकरा दिवस होतात. डॉक्टरांना मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, झटका मोठा होता. पूर्वीची मी असते तर ते वाक्य घेऊन जन्मभर कुढत बसले असते. आता नाही बसणार. तुम्हीच ते होऊ दिलं नाहीत. मी जुन्नरला तुमच्या घरी भेटायला यायची तेव्हा खोलीत मंचरचे, नारायणगावचे, ओतूरचे ड्रायव्हर बसलेले असायचे आणि तुम्ही, बोलायची बंदी असताना, प्रत्येकाला सांगत असायचात, की बाईंनी इंजिन गार व्हऊ दिलं. मी पडलो व्हतो, तरी गार व्हऊ दिलं. ती मोठी माणसं वळून माझ्याकडे बघायची आणि मला कुठं बघावं कळायचं नाही. भाभी म्हणाल्या, मुलाच्या लग्नातही तुम्ही इतके मिरवला नव्हतात.

एक गोष्ट मला बोलायची होती. रोज ठरवून यायची आणि रोज कुणीतरी बसलेलं असायचं. डिंभ्याच्या चढावर मी जे बोलले, घरच्या बाईवरून, ते फार वाईट होतं. तुम्ही ते केव्हाच सोडून दिलं असेल. मी सोडलेलं नव्हतं. शेवटच्या दिवशी खोलीत कुणी नव्हतं, पण तुम्ही झोपला होतात आणि मी तुम्हाला उठवलं नाही. आता इथं लिहिते. माझं चुकलं, इब्राहीमभाई.

गेल्या महिन्यात संस्थेनं नवा ड्रायव्हर नेमला. शांत माणूस आहे, शिकेल. त्याच्याबरोबर गेल्या सोमवारी मी पुण्याला गेले आणि गाडीच्या परवान्याची परीक्षा दिली. परीक्षा घेणारे साहेब माझ्या पांढऱ्या लुगड्याकडे बघून आधी थोडे गोंधळले, मग शेजारी येऊन बसले. मी गाडी चौकातून वळवली, चढावर थांबवून पुन्हा काढली, अरुंद बोळात मागं घेतली. घाई केली नाही. साहेबांनी कागदावर सही केली आणि उतरता उतरता विचारलं, गाडी कुणाकडून शिकलात, घरच्या कुणाकडून?

"आमच्या दवाखान्याच्या ड्रायव्हरकडून," असं माझ्या तोंडावर आलं होतं. पाच वर्षं मी तुमची ओळख सगळीकडे तशीच करून दिली. त्या दिवशी मला ते म्हणवेना.

"जुन्नरच्या इब्राहीम मिस्त्रींकडून," मी म्हणाले. "ते माझे उस्ताद."

साहेबांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "चांगलं शिकवलंय त्यांनी," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," मी म्हणाले.